सांबराच्या वाटेवरचं घोंगडं

आधी चूक कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. सोळा वर्षांची असताना मी एकदा भल्या पहाटे ओल्या तपकिरी घोंगड्याची खोळ डोक्यावरून ओढून, कमरेत वाकून, सांबरांच्या येण्याजाण्याच्या खिंडीतून चालत गेले. खिंडीच्या कडेला झाडावर बंदूक घेऊन माणूस बसलाय हे मला ठाऊक होतं. कोण बसलंय तेही ठाऊक होतं. त्याची भाकरी आदल्या संध्याकाळी मीच फडक्यात बांधून दिली होती. एवढं सगळं ठाऊक असून जी बाई अशी जाते तिला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. मी इतक्या वर्षांत बरेच शब्द वापरून पाहिले, एकही पुरा पडला नाही.

आश्विन लागला की हे वर येतं. हल्ली मी नातवाकडे असते, शहराच्या कडेला सूसला, सहाव्या मजल्यावर. दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. नातसून तो मशीनमध्ये काढते. मशीन घरघरतं, थांबतं, शिटी मारतं आणि झाला दसरा. पण वाळवायचं कुठं? सोसायटीचा कागद लागलाय की बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालू नये, इमारत वाईट दिसते. मी घालते. मग खालून फोन येतो. नातसून रिसीव्हर हाताने झाकून कुजबुजते, "आजी, वॉचमन विचारतोय." मी म्हणते, "सांग त्याला, आजी झोपल्यात." आणि तशीच कठड्याला टेकून उभी राहते, त्याला खालून दिसेल अशी.

थट्टा इथपर्यंतच. वारा सुटला आणि एखादं गडद रंगाचं ब्लँकेट कठड्यावर हललं की मला बसवत नाही. मी उठते, त्याच्यामागे कोणी नाही ना ते बघते आणि परत येऊन बसते. नातवाला वाटतं आजीला विसर पडायला लागला. विसर पडता तर बरं झालं असतं.

माझं माहेर पौडचं. चार इयत्ता शिकलेली, एसटीचा फलक वाचता येणारी, त्यामुळे स्वतःला फार शहाणी समजणारी. लग्न होऊन गेले ती मुळशीच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या सात घरांच्या वाडीत. सासऱ्यांची खालची काळी जमीन फार पूर्वी धरणात गेली होती. उरली होती ती वरची, रानाला चिकटलेली पाच खाचरं. त्यात आंबेमोहर. आश्विनात भात निसवलं आणि दाण्यात दूध भरलं की सगळ्या वाडीला वास येई. वाडीला येई तसा सांबरांनाही येई.

सांबर म्हणजे काय ते शहरातल्या लोकांना सांगायला लागतं. घोड्याएवढं जनावर, अंगावर राठ तपकिरी केस, चालताना पाऊल वाजत नाही. अंधारात खाचरात उतरायची, ओंब्या ओरबाडायची, खातील त्याच्या दुप्पट तुडवायची, आणि उजाडायच्या आत वर रानात जायची. सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधावर जाऊन उभ्या राहत आणि काही न बोलता परत येत. त्यांचं न बोलणं मला फार भीतीचं वाटायचं, कारण एरवी त्या झोपेतही बोलत. त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच दीड खाचर गेलं होतं. उरलेल्या साडेतीनांवर घरातल्या सहा जणांचं वर्ष होतं.

आता शिकार करू नये हे मलाही कळतं, कायदाही तसा आहे. तेव्हा शेत राखायला बंदुकीचा परवाना मिळत असे. आमच्या वाडीत तो एकट्या माझ्या सासऱ्यांकडे होता. बंदूक ठासणीची. नळीतून दारू भरायची, छर्रा ठासायचा, घोड्याखाली तांब्याची बारीक टोपी बसवायची, मग बार. एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत जनावर दुसऱ्या तालुक्यात. म्हणून मामंजी बंदुकीवर फारसे विसंबत नसत. ते डोंगरावर विसंबत.

मी एकदा त्यांची न्याहारी घेऊन वर गेले होते, तेव्हा त्यांनी मला ते दाखवलं. सासऱ्याशी सुनेनं असं बोलायची रीत नव्हती, पण मी विचारायचे आणि त्यांना सांगायला आवडायचं. एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला ओढ्याची खोल घळ, आणि मध्ये उंबऱ्याएवढी चिंचोळी खिंड.

"जनावर मानसापरीस आळशी आसतंय," मामंजी म्हणाले. "कड्यावर चढायचं न्हाई त्येला, घळीत उतरायचं न्हाई. पोट भरल्यावर तर न्हाईच न्हाई. मग ऱ्हायलं काय?"

"खिंड."

"मग आपन कशाला पळायचं त्येच्या मागं? डोंगरच हाका घालून हाकलत आनतुया त्येला. आपन निस्तं बसायचं."

बसायचं कुठं, तर खिंडीत नाही. वाटेच्या खालच्या अंगाला, घळीच्या काठावर ऐनाचं एक जुनं झाड होतं, त्याच्या बेचक्यात चार दांडकी बांधून वर कारवीचा तट्टा टाकलेला. तो त्यांचा माळा. पहाटे डोंगरावरची गार हवा पाण्यासारखी खाली वाहते. वाटेवरून ती ऐनाकडे येते आणि घळीत उतरते. म्हणजे जनावराचा वास माणसाला मिळतो, माणसाचा जनावराला मिळत नाही. ऊन चढलं की हवा उलटते, खालून वर जायला लागते. मग माळ्यावर बसण्यात अर्थ नाही, उतरायचं आणि भाकरी खायची. किती साधं होतं ते! नातवाच्या फोनवर वारा कुठून कुठं वाहतोय ते बाणांनी दिसतं. मी त्याला म्हटलं, आमचा बाण म्हणजे मामंजींच्या विडीचा धूर होता, तोही घरून निघण्याआधी ओढलेल्या विडीचा. माळ्यावर विडी बंद.

मामंजींची नजर घारीची, असं साऱ्या खोऱ्यात म्हणत. मीही म्हणे. म्हणायला काय लागतं! त्या वर्षी श्रावणात ते बांधावरून जाताना बुजगावण्यावर खेकसले होते, "कुनाचा रं तू? गुरं आवर की तुजी!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. केवढा विनोदी म्हातारा, असं वाटलं. तेही हसले, जरा उशिरानं. चहाचा कप घेताना ते आधी बोटांनी काठ चाचपत. मला वाटे, गरम आहे का बघतात. एवढी चार इयत्ता शिकलेली मी, पण समोरचं वाचता येत नव्हतं.

पहाट ही त्या दिवसांतली वाईट वेळ. मामंजी माळ्यावर गेलेले असायचे. मी जात्यापाशी. हात फिरत असे आणि कान डोंगराकडे. आमचे हे ओट्यावर बसून दोर वळत, पण दोर पुढे सरकत नसे. बार ऐकू आला तर भीती, कारण जखमी सांबर कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही, आणि जुनी नळी फुटली तर माणसाचा हात जातो. बार ऐकू नाही आला तर त्याहून भीती, कारण मग आत्याबाई बांधावर जाणार आणि न बोलता परत येणार. उजाडलं, ऊन कड्यावर आलं, म्हातारा काठी टेकत उतरताना दिसला, की घरात पहिल्यांदा कुणीतरी खोकायचं. मग भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा.

अशात दसरा काढायचा दिवस आला. ओढ्यावर गोधड्या, वाकळा, पटकुरं, सगळं घेऊन गेलो. मी रिठ्याच्या पाण्यात नाचनाचून पाय दिले. आत्याबाई म्हणाल्या, "हितंच खडकावर टाक." खडकावर दुपारनंतर कड्याची सावली येई. मला वाटलं, यांना काय कळतं! ऊन कुठं टिकतं? वारा कुठं खेळतो? खिंडीत! मी एकेक ओझं डोक्यावर घेऊन वर चढले आणि खिंडीतल्या करवंदीच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी सगळा संसार पसरला. लाल, निळी, ठिगळांची, अशी पताका लावल्यासारखी खिंड सजवली. ज्या उंबऱ्यात माणसाचा वास लागू नये म्हणून म्हातारा विडी ओढत नाही, तिथं मी सहा माणसांच्या वर्षभराच्या झोपेचा वास वाळत घातला. वर लांब उभी राहून कौतुकानं बघितलंसुद्धा. मामंजी दुपारी घरी झोपलेले होते, त्यांना पत्ता नाही.

संध्याकाळी सगळं खडखडीत वाळलं. फक्त आत्याबाईंचं घोंगडं ओलं राहिलं. ते त्यांना लग्नात मिळालेलं, धनगराकडून विणून घेतलेलं, आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता तेवढा पोटच्या पोरांवर असेल असं मला वाटत नाही. लोकर किती पाणी धरते ते मला कुठं ठाऊक? उद्या दुपारी नेऊ म्हणून मी ते तिथंच जाळीवर ठेवलं आणि घरी येऊन घड्यांची चळत अशी रचली की मधली जागा कळू नये.

पहाटे जाग आली ती आत्याबाईंच्या शब्दांनी. अंथरुणातूनच म्हणत होत्या, "सूनबाई, थंडी वाजतिया. माजं घोंगडं काड."

"काढते," म्हणाले आणि मागच्या दारानं निघाले.

पुढचं मला पायरी पायरीनं आठवतं. दवानं भिजलेलं गवत, पोटऱ्यांना लागलेला गारठा. तांबडं फुटायला अजून अवकाश होता, आभाळ राखेच्या रंगाचं. मामंजी माळ्यावर आहेत याची मला काळजी नव्हती, उलट आधार होता. घारीची नजर! दोन शेतांवरून ओळखतील, असं मनात म्हणाले. आणि ओळखल्यावर आत्याबाईंना सांगणार नाहीत एवढी बोली करून घेऊ, हेही ठरवून ठेवलं. बघा, मरणाच्या वाटेवर बाई काय ठरवत होती.

घोंगडं जाळीवर होतं, पण रात्रभर दव पिऊन दुप्पट जड झालेलं. हातात धरून उतार उतरता येईना, कारण फांद्या धरायला हात हवे होते. म्हणून मी खोळ केली आणि डोक्यावर घेतलं. ओझ्यानं मान खाली गेली, कंबर वाकली. खाली लोंबणारा काठ गवतावर फरफटत होता. आत सगळा अंधार, माझाच श्वास, आणि ओल्या लोकरीचा मेंढरासारखा वास. बाहेरचं काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. मी दहा पावलं चालले, थांबले, दम खाल्ला, पुन्हा चालले. सांबरही अगदी असंच चालतं हे मला नंतर आमच्या ह्यांनी सांगितलं.

मग करवंदीच्या काट्यात घोंगडं अडकलं. ओढलं, निघेना. जोरात ओढलं, काटा माझ्या दंडात गेला आणि मी त्या जाळीला, तिच्या आईला आणि सगळ्या माहेराला शिव्या घातल्या. चांगल्या मोठ्यानं.

वरून आवाज आला. "कोन हाय?"

तो आवाज मामंजींचा असून त्यांचा नव्हता. फाटलेला होता.

"मी हाय मामंजी. घोंगडं न्यायाला आलीय. आत्याबाईस्नी सांगू नका हं."

  पाखरं बोलायला लागली. मग ते उतरायला लागले. रोज मांजरासारखा उतरणारा माणूस त्या दिवशी प्रत्येक खोबणीला पाय चाचपत उतरला. खाली आल्यावर ऐनाला पाठ लावून बसले. मी पुढं होऊन उभी राहिले. त्यांनी हात लांब करून घोंगडं माझ्या डोक्यावरून काढलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. कपाळ, नाक, गाल, असा चेहरा चाचपला. सासरा सुनेच्या तोंडाला असा हात लावत नाही. मी थिजून उभी. म्हणाले, "तू म्होरं हो." आणि माझ्या मागून काठी टेकत आले.

घरी व्हायचा तो उद्धार झाला. आत्याबाईंनी आधी घोंगड्याला काटा लागला म्हणून मला झोडपलं, मग एकदम खाली बसल्या आणि मला जवळ ओढून रडायलाच लागल्या. "टवळे, आज तुजं दिवस घालाय लागलं आसतं गं आमाला!" मग त्यांनीच उलगडा केला. "आगं, काल शिकेकाईनं न्हाली व्हती ना ही! त्यो वास गेला आसंल खाली वाऱ्यासंगं. म्हातारं वासावरनं वळखतंय, त्येला डोळं लागत न्हाईत." आमचे हे म्हणाले, "व्हय, बा मागं वासावरनंच बिबट्या सांगत हुता." मामंजी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसले होते. 

संध्याकाळपर्यंत सातही घरांत झालं. शेजारची म्हातारी खास मला हुंगायला आली. आणि मी? मी चार दिवस केस मोकळे सोडून वाडीतून हिंडले! माझा वास दोन शेतांवरून ओळखता येतो, केवढी मी! आज तो चालण्याचा थाट आठवला की स्वतःच्याच पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पुढं मीही हा किस्सा असाच सांगत आले. बारशाला सांगितला, लग्नघरात सांगितला, परवा सोसायटीच्या बायकांनाही शिकेकाईसकट सांगितला. सगळ्या हसतात. मीही हसते.

त्यानंतर मामंजी माळ्यावर पुन्हा चढले नाहीत. पहिले चार दिवस अंगात कणकण आहे म्हणाले. त्या चार दिवसांत आणखी एक खाचर गेलं. पाचव्या दिवशी त्यांनी बंदूक आमच्या ह्यांच्या हातात दिली आणि लोकांना सांगितलं, पोरगं आता शिकलं पाहिजे. आमच्या ह्यांना डोंगर कळायचा, पण घोडा ओढताना डोळे मिटायचे. बार निघत, सांबरं उधळत, दोन दिवसांनी परत येत. त्या वर्षी घरात तांदूळ निम्माच आला. फाल्गुनापासून नाचणी खाल्ली. आत्याबाई ताटात भाकरी टाकताना म्हणत, "म्हाताऱ्यानं येवडं एक साल बसायचं हुतं." मी मान खाली घालून जेवायचे. 

आता त्या खिंडीतून डांबरी रस्ता गेलाय. मोठमोठी माणसं यंत्रं घेऊन आली, मापं घेतली आणि शेवटी सांबरानं निवडली होती तीच जागा निवडली. शनिवार-रविवारी गाड्या तिथं अडकतात, हॉर्न वाजवतात. ऐन कधीच तुटला. एकदा नातवाला तिथं गाडी थांबवायला लावली. "इथं काय आहे आजी?" तो म्हणाला. मी म्हटलं, "वारा." त्यानं काच खाली केली, दोन मिनिटं थांबला आणि विचारलं, "जायचं?"

त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मामंजी गेले, आत्याबाई गेल्या, आमचे हेही गेले. आता ज्यांची अब्रू जाईल असं कुणी उरलं नाही, माझी तर त्या पहाटेच खिंडीत पडली. म्हणून लिहिते.

त्या कणकणीच्या चौथ्या दिवसाची दुपार होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मामंजी खळ्याच्या कडेला बसून बंदुकीची नळी फडक्यानं पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते. मी पाणी घेऊन गेले. केस मोकळेच. तांब्या पुढं करून म्हणाले, "घ्या मामंजी. वासावरनं कळलंच आसंल कोन आलंय ते." मला वाटलं हसतील. त्यांनी तांब्या घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जरा उजव्या बाजूला पाहिलं, आणि म्हणाले:

"पोरी, म्या तुला वळखलं न्हवतं. दिसलं त्ये सांबरच हुतं. वास बी ओल्या जनावराचाच आला. म्या नेम धरला आन घोडा वडला. दवानं टोपी भिजली हुती, म्हून बार उडाला न्हाई. दोन वरसं झाली, मला म्होरचं नीट दिसत न्हाई, आन ह्ये मी घरात कुनालाच सांगितल्यालं न्हाई. बंदूक खाली ठिवली तर भात जातंय, न्हाई ठिवली तर मानूस जाईल. मला काय बी सुदरंना. तुजाच जीव मदी आला हुता, तवा आता तूच सांग, ठिवू का खाली?"